विषय: ‘कसंतरीच’ या शब्दाबाबत

बोरीवली पश्चिमेला चिकूवाडीत सत्तावीस वर्षं दवाखाना चालवणारे डॉ. राजेश तोरसकर, एम. डी. मेडिसिन, हे अद्ययावत नाहीत, असं चार तारखेच्या सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी निष्पन्न झालं. तोवर याची कुणालाच कल्पना नव्हती. त्यांच्या रुग्णांना नव्हती, शेजारच्या केमिस्टला नव्हती, खुद्द डॉक्टरांनाही नव्हती. मेल आला तेव्हा ते एका बाईंची जीभ बघत होते.

मेल होता ‘अखंड ज्ञान नवीकरण मंडळा’चा. फिजिशियन मंडळींनी डिग्री भिंतीवर टांगून स्वस्थ बसू नये, घरबसल्या ऑनलाइन शिकत राहावं, या उदात्त हेतूने हे मंडळ स्थापन झालं होतं. नावाचं लघुरूप करताना पहिल्या तीन शब्दांची आद्याक्षरं घेतली तर ‘अज्ञान मंडळ’ होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आलं तोवर शिक्के बनून आले होते. मंडळाचा नियम साधा होता. पाच वर्षांत तीस गुण मिळवायचे. नाही मिळाले, तर डॉक्टरांचं नाव नोंदणीतून ‘तात्पुरते अदृश्य’ करण्यात येईल. अदृश्य डॉक्टरने दवाखाना उघडला तर काय होईल, ते पत्रात पुढे ठळक अक्षरांत दिलं होतं.

तोरसकरांचे अठ्ठावीस गुण झाले होते. ते कसे झाले, यात शिरण्याचं कारण नाही. मधुमेहावरचं व्याख्यान त्यांनी आंबरस-पुरी खाताखाता ऐकलं होतं. निद्रानाशावरच्या सत्रात पहिल्या दहा मिनिटांत त्यांना जी झोप लागली, ती थेट प्रमाणपत्राच्या टिंगटिंगीने मोडली, आणि सत्र प्रभावी असल्याचा अभिप्राय त्यांनी मनापासून दिला होता. आता उरले होते दोन गुण, आणि विषय होता सक्तीचा: ‘स्थानिक भाषेतून रुग्णसंवाद (मराठी)’. मुदत एकतीस तारीख, दुपारी बारा. शंभर गुणांच्या परीक्षेत पास झालं, तरच हे दोन मिळणार. संधी तीन.

डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांचा जन्म मालवणचा, शाळा मराठी, भांडणं मराठी. “शकु,” त्यांनी बाहेर हाक मारली, “दोन पेशंटच्या मध्ये जरा वेळ ठेव गं. मराठीची परीक्षा आहे माझी.”

शकु एकोणीस वर्षं त्यांच्या दवाखान्यात नंबर लावत होती. तीही हसली. “पेढे मागवू का आत्ताच?”

इथे डॉक्टरांच्या मराठीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचे निम्मे रुग्ण कोकणातले, गिरणीत आयुष्य काढून उपनगरात येऊन राहिलेले. ही माणसं दवाखान्यात येऊन छातीत दुखतंय, धाप लागतेय असं काही सांगत नाहीत. ती खुर्चीत बसतात, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघतात आणि म्हणतात, “कसंतरीच होतंय.” मेडिसिनच्या कुठल्याही जाड पुस्तकात हा आजार नाही. पण तोरसकरांना त्याचे निदान बारा प्रकार पाठ होते. जेवण जास्त झाल्याचं कसंतरीच निराळं, मुलगा वेगळा राहायला गेल्याचं निराळं, साखर उतरल्याचं निराळं. बाकी त्यांची हुशारी बेताचीच होती. पण या एका शब्दात त्यांचा हात धरणारा डॉक्टर दहिसरपासून अंधेरीपर्यंत नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी काशीराम घाडीगावकर असेच येऊन बसले होते. “डॉक्टरानू, माका कसातरीच होता.” एवढंच. ना दुखणं, ना खुपणं. पण म्हणताना त्यांनी ‘कसा’ आणि ‘तरीच’ यांच्या मध्ये श्वास घेतला. डॉक्टरांनी त्यांना त्याच मिनिटाला रिक्षात घातलं, स्वतः शेजारी बसले, आणि “काही नाही होत, मी आहे ना” असं म्हणत पुलापलीकडच्या हॉस्पिटलात नेलं. हृदयाची एक वाहिनी जवळपास बंद होती. काशीराम वाचले, आणि तेव्हापासून त्यांची बायको वनमाला दर मे महिन्यात दवाखान्यात फणस आणून ठेवते. हा फणस शकुला घरी न्यावा लागतो, ही बाब अलाहिदा.

तर डॉक्टर परीक्षेला बसले. पडद्यावर सूट घातलेला एक गोरटेला गृहस्थ उगवला. हा आभासी रुग्ण. तो मुळात परदेशात इंग्रजीत तयार झाला होता आणि मंडळाने त्याचं यंत्राकडून मराठीकरण करून घेतलं होतं. नाव जॉन पाटील, वय चौपन्न, छंद बर्फावरून घसरणे. गोराईला एखादा जॉन पाटील असेलही, पण तो बर्फ आणतो तो मासळीवर घालायला.

“नमस्कार,” जॉन पाटील म्हणाला. “मी आज हवामानाखाली आहे.”

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. हवामान ठीक होतं. “काय होतंय, पाटील?”

“क्षमस्व. कोण होत आहे?”

“अहो, तुम्हाला. तुम्हाला काय होतंय?”

“मी आपला प्रश्न समजू शकलो नाही. माझ्या पोटात फुलपाखरे आहेत.”

“कुठं गेला होतात, नॅशनल पार्कात?” डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं उमटली: विनोद आढळला. उणे दहा.

“माझ्या छातीवर एक हत्ती बसला आहे,” जॉन पाटील त्याच प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला.

आता हा हत्ती इंग्रजीत असता तर डॉक्टरांनी तत्काळ ओळखला असता. इंग्रजी पुस्तकांत हार्ट अटॅकच्या रुग्णाच्या छातीवर हत्ती बसतोच. पण मराठीत तो बसल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं, त्यामुळे उलगडा व्हायला चार सेकंद लागले. मग मात्र ते खुर्चीतून अर्धे उठले. “घाबरू नका. आडवे व्हा बघू आधी. काही नाही होत, मी आहे ना!”

‘घाबरू नका’: रुग्णाची भावना नाकारली. उणे दहा. ‘आडवे व्हा’: रुग्णास आज्ञा केली. उणे वीस. ‘मी आहे ना’: अप्रमाणित आश्वासन. उणे तीस. जॉन पाटील हसतमुखाने वारला.

शंभरांपैकी अकरा गुण पडले, ते नमस्कार केल्याबद्दल. खाली शिफारस होती: आपण मराठी भाषेचा प्राथमिक परिचय करून घ्यावा.

शकुने पेढ्यांचं काय करायचं ते विचारलं नाही.

डॉक्टरांनी मुलुंडच्या डॉ. चंद्रप्रकाश यांना फोन लावला. हे त्यांचे कॉलेजातले मित्र. बत्तीस वर्षं मुंबईत काढूनही चंद्रप्रकाश यांच्या मराठीची धाव ‘कुठे दुखतो?’च्या पुढे गेली नव्हती. त्यांना या विषयात अठ्ठ्याण्णव गुण होते.

“अरे तोरसकर, सिंपल आहे यार,” चंद्रप्रकाश म्हणाले. “तू मराठीत विचार करतोस ना, तिथेच तुझी वाट लागली. मी काय केला, इंग्लिशमध्ये बोललो, मोबाइलने त्याचा मराठी बनवला, तो मी वाचला. तो पाटील एकदम खूश!”

“मग दोन गुण कुठे गेले रे?”

“ते एकदा चुकून मराठी बोललो. ‘अच्छा आजोबा’ म्हणून गेलो.”

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सगळं चंद्रप्रकाश यांच्या पद्धतीने केलं आणि जॉन पाटीलला बराच वेळ जिवंत ठेवला. पण शेवटी एक रकाना आला: ‘आपल्या प्रत्यक्ष रुग्णांकडून सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार नोंदवा.’ तोरसकर प्रामाणिक माणूस. त्यांनी लिहिलं, कसंतरीच होतंय. यंत्राने चारशे सोळा मान्यताप्राप्त तक्रारींची यादी तपासली आणि उत्तर दिलं: हा शब्द अस्तित्वात नाही. परीक्षा तिथेच थांबली. खोटी माहिती दिल्याबद्दल ती रद्द धरण्यात आली.

डॉक्टर चिडले. त्यांनी मंडळाच्या मदत क्रमांकावर फोन केला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकल्यावर भाषा-सुसूत्रता कक्षातली प्रांजल नावाची मुलगी बोलायला आली. आवाज गोड होता.

“सर, कसंतरीच म्हणजे नेमकं कसं?”

“कसंतरीच म्हणजे कसंतरीच! तू मराठी ना गं?”

“हो सर. पण यंत्राला व्याख्या लागते. नवा शब्द घालायचा तर नमुना ‘क’ भरावा लागेल. त्यात शब्दाची व्याख्या, मोजण्याचं एकक, आणि तीन रुग्णांचं प्रतिज्ञापत्र.”

“कसलं प्रतिज्ञापत्र?”

“की त्यांना कसंतरीच होतंय. फक्त सही प्रत्यक्ष होत असतानाच केलेली पाहिजे, सर. आधीची किंवा नंतरची चालत नाही. निर्णय नव्वद कामकाजाच्या दिवसांत.” मग तिने आवाज खाली आणला. “सर, माझ्या आईला पण सकाळपासून कसंतरीच होतंय. पण मी रजेच्या अर्जावर ‘कौटुंबिक कारण’ लिहिलं. ते बसतं रकान्यात.”

मुदतीला अकरा दिवस उरले होते. व्याख्या करण्याच्या भानगडीत डॉक्टर पडले नाहीत. त्यांनी ठरवलं, शब्द गेला खड्ड्यात, आपण सराव करायचा. आणि सरावाला जॉन पाटील मिळत नसल्यामुळे तो त्यांनी हाताशी असलेल्या रुग्णांवर केला.

पहिला नंबर काशीराम यांचा लागला. ते गुडघ्यासाठी आले होते.

“आज आपण इथे असल्याबद्दल मी आपला आभारी आहे,” डॉक्टर म्हणाले. काशीराम यांनी मागे वळून कोण आलंय ते पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“आपला प्रवास माझ्याशी वाटून घ्या.”

“रिक्षान् इलंय,” काशीराम म्हणाले.

“शून्य ते दहा या मोजपट्टीवर आपली वेदना किती?”

“दहा खय? माका गुडघे दोनच असत.” काशीराम थोडे घाबरले होते. “डॉक्टरानू, तुमचा बरा असा मां?”

बाहेर बाकावर वनमालाबाईंनी शकुला विचारलं, “ह्यांचा काय बिनसला गो?” शकु म्हणाली, “परीक्षा आहे.” एवढ्या मोठ्या माणसाला या वयात परीक्षा, म्हणून वनमालाबाईंना कळवळून आलं. त्यांनी जाताना देवाला नारळ बोलून ठेवला.

आठवडाभरात दवाखान्याचं रूप पालटलं. दारावर सूचना लागली: ‘रुग्णांनी तक्रार मान्यताप्राप्त मराठीत सांगावी.’ शकुने सोयीसाठी झेरॉक्स काढून ठेवल्या. लोक हुशार असतात. गॅसेसवाले काका ‘फुलपाखरे’ म्हणू लागले. ज्यांना लवकर आत जायचं होतं, ते हत्ती सांगू लागले, आणि बुधवारी बाकावर एका वेळी सहा हत्ती बसल्याची नोंद आहे. डॉक्टरांचे उद्गार बिनचूक होत चालले. फरक एवढाच पडला, की कुणाला काय झालंय ते त्यांना पूर्वीइतकं कळेना. पण त्याला परीक्षेत गुण नव्हते.

एकतीस तारीख उजाडली. शेवटची खेप अकरा ते बारा. दोनदा नापास झालेल्यांसाठी ‘विशेष दक्षता’ होती. कॅमेरा डोळ्यांवर रोखलेला राहणार आणि नजर रुग्णावरून पाच सेकंदांपेक्षा जास्त हलली, तर ‘रुग्णाकडे दुर्लक्ष’ या सदराखाली कायमचं नापास. रुग्ण म्हणजे अर्थात जॉन पाटील. डॉक्टरांनी शकुला बजावलं, “बारापर्यंत कुणालाही आत सोडू नकोस. छप्पर पडलं तरी.”

अकरा चाळीसला सगळं झकास चाललं होतं. गुण ब्याण्णव. जॉन पाटील आपलं बालपण सांगत होता. आणि दार उघडून काशीराम आत आले. शकु केमिस्टकडे सुट्टे आणायला गेली होती, तेवढ्यात.

ते खुर्चीत बसले. डॉक्टरांना ते दिसले नाहीत, नुसती खुर्ची करकरलेली ऐकू आली.

“डॉक्टरानू,” काशीराम म्हणाले, “माका कसा... तरीच होता.”

मध्ये श्वास होता. डॉक्टरांच्या कानांनी तो टिपला. नऊ वर्षांपूर्वीचा तोच. त्यांच्या मानेचा स्नायू वळायला निघालासुद्धा. पडद्यावर पिवळा आकडा आला: एक.

या पाच सेकंदांत डॉक्टरांच्या मनात काय काय आलं, ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. सत्तावीस वर्षांची पाटी आली. फ्लॅटचा हप्ता आला. अदृश्य होणं आलं. वीस मिनिटं, फक्त वीसच मिनिटं, असंही आलं. आणि डॉक्टरच नसेन तर पुढे हजारो काशीरामांना कोण बघणार, हा मोठा सोयीचा विचारही आला. आकडा तीनवर असताना त्यांनी मान सरळ केली.

“मी आपली भावना ऐकत आहे,” ते पडद्याकडे बघत म्हणाले. “कृपया प्रतीक्षा करा.”

जॉन पाटील म्हणाला, “आभारी आहे. आपण चांगले ऐकता.” गुण चौऱ्याण्णव.

काशीराम थोडा वेळ बसले. डॉक्टर कुणाशी बोलतायत ते त्यांना समजेना. मग खुर्ची पुन्हा करकरली, दार लागलं. बाहेर शकुचा आवाज आला, “काका? काका, काय होतंय?” आणि मग एक हाक, रिक्षावाल्याला मारलेली, जी अख्ख्या चिकूवाडीने ऐकली. डॉक्टरांची नजर हलली नाही. ती हलली असती तरी चाललं असतं, कारण डोळ्यांत पाणी आल्यामुळे पडदा त्यांना तसाही धड दिसत नव्हता. यंत्राने ते टिपलं आणि ‘सहवेदनेचे दृश्य प्रकटीकरण’ म्हणून वरचे सहा गुण दिले.

शंभरांपैकी शंभर. पश्चिम उपनगरांत पहिले. बारा वाजता प्रमाणपत्र आलं, वर मंडळाचा शिक्का: ‘अज्ञान’.

काशीराम वाचले. त्यांना शकुने वाचवलं. तिने ‘कसातरीच’ हा अस्तित्वात नसलेला शब्द ऐकला, कपाळावरचा घाम पाहिला, आणि कुठल्याही गुणांशिवाय त्यांना पुलापलीकडे नेलं. वाटेत ती “काही नाही होत काका, मी आहे ना” असं म्हणत राहिली. हे आश्वासन अप्रमाणित होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर शहाळं घेऊन हॉस्पिटलात गेले. वनमालाबाई पदराने बसायला स्टूल पुसत उठल्या. त्यांनी पहिल्यांदा परीक्षेचं विचारलं. पास झाल्याचं ऐकून त्यांना खराखुरा आनंद झाला, आणि डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पलंगाशी बसले. काशीराम यांचा हात हातात घेतला.

“काशीराम, कसं वाटतंय?”

काशीराम यांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. काउंटरवरच्या माणसाकडे बघावं, तसं. मग डोक्यात काहीतरी जुळवून ते शुद्ध मराठीत म्हणाले, “सहा.”

“सहा?”

“दहापैकी.”

“अहो, पण म्हणजे कसं? तुमच्या शब्दांत सांगा. मी आहे ना!”

“सहाच,” काशीराम म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांना समोरच्या माणसाला काय होतंय ते अजिबात कळलं नाही. ते व्हरांड्यात आले. मोबाइलवर मंडळाचा अखेरचा सक्तीचा प्रश्न येऊन पडला होता: ‘प्रशिक्षणानंतर आपणास कसे वाटते?’ डॉक्टरांनी खरं तेच लिहिलं. उत्तर आलं, हा शब्द अस्तित्वात नाही, खालीलपैकी पर्याय निवडा: उत्तम, अतिउत्तम. त्यांनी ‘उत्तम’ दाबलं.

डॉक्टरांना हसायला हरकत नाही. फक्त, परवा तुमच्याच घरात कुणीतरी दाराशी उभं राहून “कसंतरीच होतंय” म्हणालं, तेव्हा हातातल्या पडद्यावरून मान वर न करता तुम्ही “गोळी घे” म्हणालात, ते आठवून बघा. डॉक्टरांना त्याचे दोन गुण तरी मिळाले.